हात बांधण्यापूर्वी

साशंक : मनोविकार कक्षात रुग्ण खवळला असता त्याला बांधू नये, सुई टोचून निजवू नये, प्रथम त्याच्याशी बोलावे, असा जो उपदेश अलीकडे परिसंवादांतून आणि परिचर्येच्या वर्गांतून ऐकू येतो, त्यामागील सद्हेतूविषयी माझ्या मनात किंतु नाही. किंतु आहे तो एवढाच की, हा उपदेश करणारा इसम आणि तो अंमलात आणणारा इसम एक नसतात. उपदेशक दिवसाढवळ्या व्यासपीठावरून बोलतो. आणि सलाइनची दांडी उपसून उभा राहिलेला तरुण, शेजारच्या खाटेवर भेदरून बसलेला म्हातारा आणि दाराशी जमलेले नातेवाईक हे सारे रात्रपाळीची एक सिस्टर आणि एक मामा (म्हणजे वॉर्डबॉय) यांच्या पदरी पडतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरापुरते बोलावयाचे तर, १९५६ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखू लागला. तेव्हापासून जालना-बीड-परभणीचेच नव्हे, तर बुलढाणा-जळगावकडचेही रुग्ण याच दारात उतरत आले आहेत. राज्यात जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार. येरवड्यास २,५४० मंजूर खाटा, ठाण्यास १,८५०, नागपुरास ९४० आणि रत्नागिरीस ३६५. मराठवाड्याच्या वाट्याला यांतले एकही नाही. मौज अशी की, निजामी अमदानीत संस्थानाचे वेड्यांचे इस्पितळ जालन्यासच होते. स्वातंत्र्यानंतर ते हैदराबादेस एर्रागड्ड्याला हलले, आणि आता इतक्या काळाने जालन्याला पुन्हा मनोरुग्णालय मंजूर झाले आहे. तोवर पैठणच्या किंवा वैजापूरच्या कुटुंबाने करावे काय? उन्मत्त झालेल्या मुलाला जीपमध्ये दोघांच्या मध्ये दाबून बसवावयाचे आणि सर्वसाधारण रुग्णालयाच्या एका कक्षात आणून सोडावयाचे. तेथे त्याच्याशी गोड बोलत बसा, असे सांगणे मला सोपे वाटते.

आग्रही : तुम्ही गोड बोलणे म्हणता तेथेच गफलत होते. मी ज्याचा आग्रह धरतो ते बोलणे गोड असेलच असे नाही. परंतु आधी इतिहासाचा हिशेब करू, कारण ‘आमच्याकडे माणसे कमी, म्हणून बांधणे भाग’ ही कैफियत काही आजची नाही. १८३९ साली जॉन कॉनोली या वैद्याने लंडननजीकच्या हॅनवेल येथील वेड्यांच्या इस्पितळाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा तेथे सुमारे आठशे रुग्ण होते, मनोविकारावरचे आज आपण ज्याला औषध म्हणतो असे एकही औषध अस्तित्वात नव्हते, आणि पट्टे, बेड्या, जखडून ठेवणाऱ्या खुर्च्या हा नित्याचा सरंजाम होता. त्याने तो सारा काढून टाकला. नोकरवर्ग कुरकुरला, शहाण्यासुरत्या वैद्यांनी अनर्थाचे भाकीत केले, आणि इस्पितळ चालले. उलट साखळीवर भरवसा ठेवला तर काय होते, हे तामिळनाडूतल्या एरवडीला (आपले येरवडा नव्हे) ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका मनोरुग्णाश्रमाच्या छपराला आग लागली, आणि आतील माणसे खांबांना साखळीने बांधलेली असल्यामुळे पळू शकली नाहीत. २८ जण गेले. आपल्या शेजारी बुलढाण्यात सैलानीच्या दर्ग्याला आपली माणसे अजूनही कोणत्या स्थितीत घेऊन जातात, हे तुम्हांस मी सांगावयास नको. कायद्याने हे सारे ओळखले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, जो २०१८ च्या मे महिन्यात अंमलात आला, तो साखळीला कोणत्याही रूपात मनाई करतो. आणि बांधण्याविषयी ९७ व्या कलमात असे फर्मावतो की, तत्काळ होऊ घातलेली इजा टाळण्याचा तो एकमेव मार्ग असेल तरच, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीने, आणि निकडीपुरत्याच वेळापर्यंत बांधता येईल. शिक्षा म्हणून नाही, जरब म्हणून नाही, आणि (हे शब्द नीट ऐका) केवळ नोकरवर्ग अपुरा आहे एवढ्या सबबीवरही नाही. तुमची कैफियत कायद्याने आधीच नामंजूर केली आहे.

साशंक : कायद्याने सबब नामंजूर केली, पण माणसे मंजूर केली काय? आणि कॉनोलीचा दाखला अर्धाच दिलात. त्याने पट्टे काढले, पण खवळलेल्या रुग्णास एकट्याला खोलीत ठेवण्याची मुभा त्याने हातची सोडली नव्हती. गादीने मढवलेल्या खोल्या हा त्याच्या पद्धतीचा भागच होता. आपल्या अधिनियमाने एकांतकोंडीस पूर्ण मनाई केली आहे. ती योग्यच असेल; पण मग आमचा मामा कॉनोलीपेक्षा अवघड परीक्षेस बसला आहे, हे तरी मान्य करा. कोंडावयाचे नाही, बांधावयाचे तर परवानगी हवी, परवानगी देणारा डॉक्टर त्या क्षणी अपघात विभागात. उरले बोलणे. आता या बोलण्याच्या गुणाची रुजुवात कोणी केली आहे काय, ते पाहू. मनोविकारजन्य आक्रमकता शब्दांनी शमविण्याच्या तंत्रांचा, वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षकांनी २०१७ साली धांडोळा घेतला, तेव्हा त्यांच्या कसोटीस उतरणारी एकही नियंत्रित चाचणी त्यांना मिळाली नाही. एकही नाही! आणि ज्या सुईची आपण एवढी निंदा करतो, तिची चाचणी खुद्द आपल्या देशात, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली, २००४ साली प्रसिद्ध झाली. खवळलेल्या २०० रुग्णांपैकी निम्म्यांना हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन यांची जोडी दिली, निम्म्यांना लोराझेपाम; चार तासांनी दोन्ही गटांतील ९६ टक्के रुग्ण शांत किंवा निद्रिस्त होते. औषधे जुनी, स्वस्त, तालुक्याच्या दवाखान्यातही मिळणारी. जेथे पुरावा आहे ते टाकावे आणि जेथे नाही ते धरावे, हा कोणता न्याय?

आग्रही : तो न्याय मी सांगितलाच नाही. सुई टाका, असे मी म्हणत नाही. ती हातात धरून कक्षात शिरू नका, असे म्हणतो. वेल्लोरच्या चाचणीत कोणत्या सुईने माणूस लवकर निवतो ते कळले. सुईची वेळ कितीजणांवर यावयास नको होती, हा प्रश्न त्या चाचणीने विचारलेलाच नव्हता. आणि पुरावा अगदीच नाही असेही नाही. लेन बॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन व आसपासच्या १५ रुग्णालयांतील ३१ कक्षांत एक प्रयोग केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही कक्षांत त्यांनी दहा लहानसहान गोष्टी रुजविल्या, इतरांत नाही. पहिल्या प्रकारच्या कक्षांत भांडणतंट्याचे प्रसंग १५ टक्क्यांनी आणि बांधणे, कोंडणे, सक्तीने औषध देणे यांसारखे उपाय सुमारे २६ टक्क्यांनी घटले. आकडा डोळे दिपविणारा नाही, आणि म्हणूनच मला तो खरा वाटतो. त्या दहा गोष्टी काय होत्या, ते ऐकण्यासारखे आहे. रुग्णाने आणि नोकरवर्गाने एकमेकांच्या आवडीनिवडी ठाऊक करून घ्याव्यात; पाळी बदलताना रुग्णाविषयी निदान एक चांगली गोष्ट पुढच्या पाळीस सांगावी; घरून वाईट बातमी येणार असेल, किंवा रजा नाकारली जाणार असेल, तर ती कळण्याआधीच कोणी तरी त्याच्यापाशी जाऊन बसावे. यांत भाषणकौशल्य कोठे आहे? यामागचे निरीक्षण असे की, कक्षातील मारामारी सहसा आभाळातून पडत नाही. कोणी तरी काही तरी मागितलेले असते आणि कोणी तरी ‘नाही’ म्हटलेले असते. घरी जावयाचे आहे, नाही. तंबाखू हवी आहे, नाही. बायकोला फोन लावावयाचा आहे, नाही. जेवण उशिरा का, गप्प बस. या ‘नाही’पासून पहिल्या फटक्यापर्यंत बहुतेकदा काही मिनिटे जातात, आणि माझे सारे म्हणणे या मिनिटांपुरते आहे.

साशंक : त्या मिनिटांत करावयाचे काय, ते तरी सांगा; कारण आतापर्यंत तुम्ही लंडनच्या कक्षाविषयी बोललात, जेथे रुग्णाचा भाऊ त्याच्या उशाशी सतरंजी टाकून निजलेला नसतो.

आग्रही : सांगतो. रात्री जेवणानंतर एक माणूस जाळीच्या दारापाशी येऊन कडी हलवू लागतो. सोयाबीन काढणीस आले आहे, मला सोडा, म्हणतो. अशा वेळी चौघांनी धावून जाऊ नये. एकाने जावे, आणि एकानेच बोलावे. दोन हातांचे अंतर राखावे, छातीसमोर छाती न आणता थोडे तिरके उभे राहावे, हात खिशात वा पाठीमागे नसावेत, दिसावेत. त्याच्या आणि दाराच्या मध्ये आपण अडसर होऊन उभे राहू नये, आणि आपल्या पाठीशी भिंत येणार नाही एवढेही पाहावे. आवाज त्याच्याहून खालचा, वाक्य लहान. शेत कोणत्या शिवारात, किती एकर, काढणीला घरी कोण आहे, हे विचारावे. कारण हे प्रश्न खरे आहेत, आणि त्याच्या भीतीचे उत्तर त्यांच्यातच दडलेले असते. ‘सोयाबीन-बियाबीन काही नाही, गप झोप’ असे म्हणणारा मनुष्य त्याच्या भ्रमाशी लढत नसून त्याच्या अब्रूशी लढत असतो. ‘आज रात्री सोडता येत नाही, सकाळी मोठे डॉक्टर येतील तेव्हा तुमच्यासमोर विचारतो, तूर्त चहा घेता, की भावाला फोन लावू?’ असे म्हणणारा नकारच देतो, पण त्या नकारात दोन वाटा ठेवतो. आपल्या शहराची एक विशेष सोय मी येथे सांगतो. येथील जुन्या मामांना गावाकडची मराठी आणि मोहल्ल्यातली दखनी या दोन्ही सारख्याच सफाईने येतात. ‘बैठो ना मियाँ, चाय पीते क्या?’ एवढ्या वाक्याने जे साधते, ते परगावाहून शिकावयास आलेल्या निवासी डॉक्टरच्या शुद्ध हिंदीने साधत नाही. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यक्रमात नाही, आणि ज्याच्यापाशी ते आहे तो चतुर्थ श्रेणीत मोडतो.

साशंक : चहा देतो म्हणालात. तो चहा कोणाच्या खर्चाने? हसू नका, मी थट्टा करीत नाही. तुमच्या दृष्टान्तातील मामा तीन गोष्टींचे वचन देतो : चहा, फोन आणि सकाळी डॉक्टरांशी गाठ. यांतील एकही त्याच्या अधिकारात नाही. रात्री स्वयंपाकघर बंद, फोन त्याचा स्वतःचा, आणि सकाळी मोठे डॉक्टर येतील तेव्हा त्याची पाळी संपलेली. तो कंत्राटदाराकडून आलेला असेल तर पुढल्या महिन्यात तो स्वतःच नसेल. तहसील कचेरीत ज्या कारकुनाला सही करण्याचा अधिकार नाही पण अर्जदाराची समजूत घालण्याचे काम मात्र आहे, त्याच्यासारखी त्याची अवस्था. तो कितीही मवाळ बोलला तरी अर्जदार तिसऱ्या खेपेस टेबलावर मूठ आपटणारच. आणि नातेवाइकांचा मुद्दा तुम्ही टाळलात. सर्वसाधारण रुग्णालयातील मनोविकार कक्षात आपल्याकडे रुग्णासोबत घरचे माणूस राहते, ही पाश्चात्त्य पुस्तकांत नसलेली गोष्ट आहे, आणि तिला दोन बाजू आहेत. आईने डोक्यावरून हात फिरविला तर सुईची गरज पडत नाही, हे मी पाहिलेले आहे. पण ज्या भावाने शेतीच्या वाटणीवरून त्याला जीपमध्ये कोंबून आणले, तोच उशाशी बसला असेल तर? त्याचा नुसता चेहरा पाहून रुग्ण पेटतो. आणि खरे सांगावयाचे तर बांधण्याचा आग्रह पुष्कळदा डॉक्टरांचा नसतोच. घरचेच म्हणतात, ‘बांधा हो साहेब, आम्ही घरी बांधतच होतो.’ त्यांना काय सांगाल?

आग्रही : त्यांना सांगेन की तुम्ही थकला आहात. सहा-सात रात्री न निजलेली आई ‘बांधा’ म्हणते तेव्हा ती क्रूर नसते. तिला बाहेर बाकावर निजण्यास जागा द्या, सकाळी तिचा सूर बदलतो. ज्या भावाशी वैर आहे त्याला कक्षाबाहेर थांबवा. रुग्णाने आपला प्रतिनिधी कोण असावा हे स्वतः ठरवावे, अशी तजवीज अधिनियमातच आहे, तिचा उपयोग करा. पण तुमच्या कारकुनाचा मुद्दा मला बोचला, हे कबूल करतो. शब्दामागे काही देण्याची ताकद नसेल तर तो शब्द रुग्णाला लवकरच पोकळ कळतो. मनोरुग्णाला सत्तेचा वास इतरांहून अधिक तीव्रतेने येतो. तेव्हा मी माझी मागणी सुधारून घेतो. मामाला बोलण्याचे शिक्षण द्या, असे न म्हणता, रात्रपाळीच्या माणसाच्या हाती काही लहान गोष्टी मुक्रर करून द्या, असे म्हणतो : एक फोन, चहाचा एक थर्मास, आणि पहाटेच्या फेरीत डॉक्टरांनी प्रथम कोणास भेटावे ते नाव लिहिण्याचा अधिकार. यास पैसा फारसा लागत नाही. अधिकार खाली सोडावा लागतो, आणि तोच आपल्याकडे सुटत नाही.

साशंक : आता तुम्ही माझ्या बाजूस सरकू लागलात, म्हणून मी जरा लांब उभा राहतो. तुमचे ‘नाही’चे सूत्र सर्वांना लागू पडत नाही. दारूचा नित्य सेवक आजारपणाने दवाखान्यात पडतो, दारू बंद होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, अंग तापते, भिंतीवर किडे चालताना दिसतात. तो ज्याला मारतो तो त्याच्या लेखी मामा नसतोच. त्याने काही मागितले नव्हते, कोणी काही नाकारले नव्हते. त्याच्याशी सोयाबीनविषयी बोलत बसणे हा वैद्यकीय हलगर्जीपणा आहे. त्यातच त्याचा जीव जाऊ शकतो. साखर उतरलेला मधुमेही, डोक्याला मार लागलेला दुचाकीस्वार, मेंदूज्वराचा पोर, हे सारे ‘वेडा झाला’ म्हणूनच आणले जातात. उन्मादाच्या शिखरावर असलेल्या माणसापाशी दोन वाटा ठेवल्यात तर तो दोन्ही वाटांनी एकदम धावतो. आणि कानांतील आवाज ज्याला ‘मार’ म्हणून हुकूम करीत आहेत, त्याच्याशी तुमचा आवाज स्पर्धा कसा करणार? तुम्ही बोलत असता शेजारच्या खाटेवरील म्हाताऱ्याचा दात पडला, तर त्या म्हाताऱ्याच्या हक्काचे कलम कोणते?

आग्रही : दारू सुटलेल्याची नाडी, ताप आणि साखर आधी पाहावी, यात वाद नाही, बोलण्याचा पहिला नियम समोरचा ऐकण्याच्या स्थितीत आहे की नाही हे ओळखणे हाच. म्हाताऱ्याला आणि इतरांना तेथून हलविणे हाही बोलण्याइतकाच त्या कामाचा भाग. परंतु अशांनाही बांधावेच लागले, तरी बांधण्याची रीत असते. मी गॉजची पट्टी पलंगाच्या दांडीला आवळलेली पाहिली आहे. मनगट निळसर, बोटे थंड, माणूस पालथा, आणि बांधणारे निघून गेलेले. पट्टी रुंद आणि मऊ हवी, मनगट व पट्टी यांमध्ये बोट सरकले पाहिजे, माणूस कधीही पालथा नसावा, डोके थोडे उंच, जवळ सतत कोणी तरी, आणि ठराविक वेळाने नाडी व श्वास पाहून नोंद. पालथे दाबून धरलेली माणसे श्वास कोंडून मेली आहेत. आणि बांधत असताही बोलणे थांबवू नये : का बांधतो आहोत, केव्हा सोडू, तहान लागली आहे काय. तुम्ही बोलणे आणि बांधणे यांना परस्परांचे पर्याय समजता. मला वाटते, ज्याच्याशी बोलले गेले नाही त्यालाच आवळून बांधले जाते.

साशंक : हे वाक्य टाळ्यांचे आहे, म्हणून मी ते बाजूला ठेवतो. नोकरवर्गाची एक बाजू अजून कोणी मांडली नाही. २०१० च्या राज्य अधिनियमाने डॉक्टर-परिचारिकांवर हात उचलणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला. परंतु मनोविकारामुळे कृत्याचे स्वरूपच ज्याला कळत नव्हते, त्याला दंडसंहिता अपराधी मानीत नाही. पूर्वी ८४ व्या कलमाने, आता न्याय संहितेच्या २२ व्या. योग्यच आहे. पण मग जिचा जबडा निखळला त्या सिस्टरच्या पदरात काय पडले? गुन्हेगार नाही, म्हणून फिर्याद नाही. आणि वरून चौकशीत विचारणा : ‘तुम्ही त्याच्याशी कोणत्या स्वरात बोललात?’ तुमच्या शास्त्राचा हा उपयोग होणार, याची मला धास्ती वाटते. जो दोष पदे न भरणाऱ्या कचेरीचा, तो रात्रपाळीच्या बाईच्या जिभेवर येऊन बसेल. बोलून शमविता आले असते, असे म्हणणे प्रत्येक दुखापतीनंतर शक्य असते.

आग्रही : ही धास्ती खरी आहे, आणि तिला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणेन की, प्रसंगानंतर त्या सिस्टरपाशी, आणि सुटल्यावर त्या रुग्णापाशी, कोणी तरी दोष न देता बसले पाहिजे. काय झाले, आधी काय मागितले होते, हे दोघांकडून ऐकले पाहिजे. आपल्याकडे बसते ती चौकशी. कायदा बांधण्याची पद्धत, स्वरूप, कारण आणि अवधी या चार गोष्टी केसपेपरवर तत्काळ नोंदण्यास सांगतो, आणि अशा प्रत्येक प्रसंगाचा अहवाल मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दरमहा जावा असे सांगतो. बांधण्यापूर्वी रुग्णाने काय मागितले आणि त्याला काय उत्तर मिळाले, ही पाचवी ओळ त्यात नाही. कोणत्याही विभागप्रमुखाला ती आपल्या कक्षापुरती उद्यापासून सुरू करता येईल. त्यास शासनाचा हुकूम लागत नाही.

साशंक : लिहा ती ओळ. पण तिच्या वर आणखी एक ओळ असू द्या : त्या वेळी कक्षात रुग्ण किती, नोकरवर्ग किती. ती जेथे लिहिली जात नाही तेथे तुमच्या पाचव्या ओळीवर मी सही करणार नाही.

आग्रही : आणि जेथे फक्त तुमचीच ओळ भरली जाईल, तेथे पहिल्या महिन्यापासून प्रत्येक कागदावर ‘नोकरवर्ग अपुरा’ एवढेच लिहिलेले सापडेल. ती सबब कायद्याने नामंजूर केलेली आहे.

साशंक : मग मंडळाने तो कागद कचेरीकडे पाठवावा. सिस्टरकडे नव्हे.